घाटात न्यूट्रल: सल्ला जुना, इंजिन नवं

पावसाळी सहलींचे बेत ठरायला लागले की एक मेसेज फॅमिली ग्रुपवर हमखास उगवतो. मथितार्थ असा: घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाका, जमलं तर इंजिनच बंद करा. गिअरमध्ये इंजिन फिरत राहतं, म्हणजे पेट्रोल जळतंच, वर झीज होते ती वेगळी. पेट्रोल असो वा डिझेल, नियम एकच. आमच्याकडे यंदा तो काकांनी टाकलाय.

‘इंजिन फिरतं म्हणजे पेट्रोल जळतं’ हे कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या जुन्या यंत्राच्या) काळात बरोबर होतं. पिस्टन हवा ओढणार आणि हवेबरोबर थोडं पेट्रोल जाणारच. ते पूर्ण थांबवायची सोय कार्ब्युरेटरमध्ये सहसा नसे. आता पेट्रोल इंजेक्टर फवारतो आणि किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललाय आणि इंजिनचे फेरे पुरेसे आहेत, असं दिसलं की तो इंजेक्टर बंदच करतो. इंजिन फिरतं ते चाकांच्या जोरावर. न्यूट्रल केलंत की चाकांचा आधार तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू करावं लागतं. छोटी कार असं नुसतं गुरगुरत ठेवायला तासाला अर्धा ते एक लिटर पिते.

पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना डॅशबोर्डवरच्या त्या क्षणाच्या ॲव्हरेजच्या (लिटरला किती किलोमीटर) आकड्याकडे बघा (शेजारी बसलेल्याने बघावं, चालवणाऱ्याने नव्हे). माझ्या गाडीत गिअरमध्ये पाय उचलला की तो ९९.९ ला जाऊन चिकटतो. न्यूट्रल केलं की ७० च्या आसपास उतरतो.

मग ही सवय आली कुठून? माझ्या मते टू-स्ट्रोक स्कूटरवरून. जुन्या चेतकमध्ये वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असे. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून गिअरमध्ये उतरलं, की पेट्रोलबरोबर ऑइलही आटायचं आणि पिस्टन जाम व्हायची भीती असायची. त्यामुळे क्लच दाबून उतरणारे लोक वेडे नव्हते. त्या इंजिनाला ते शहाणपणच होतं. आजच्या गाड्यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल खाली वेगळं असतं आणि पंप ते फिरवत राहतो. झीजेचा मुद्दा इथेच संपतो.

इंजिन बंद करायचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. कारच्या ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनवर अवलंबून असतो. बंद केल्यावर दोन-तीनदा ब्रेक हलका लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं. चावी चुकून पूर्ण फिरवून बाहेर काढली तर बऱ्याच गाड्यांत ते लॉकच होतं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनच फिरवतं. इंजिन बंद असताना दर ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते आणि सगळा भार पडलेले ब्रेकचे लायनर तापून पकड सोडतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा, ट्रकच्या अपघातांसाठी बदनाम उतार पुणेकरांना सांगायला नकोच.

आणि पेट्रोल-डिझेलला एकच नियम? पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाट मिटते, पिस्टनला बंद दारातून हवा ओढावी लागते आणि गाडी मागे खेचल्यासारखी होते. पारंपरिक डिझेल इंजिनात असं दारच नसतं. हवा मोकळी येते, दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी उलटून बराचसा जोर परत देते, म्हणून त्याची ओढ कमी. ट्रकला वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात तो यासाठीच: धुराच्या नळीत झडप बंद करून इंजिनाला कोंडायचं. पण गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर हा ब्रेक असून नसल्यासारखा.

एका जागी मेसेज खरा ठरू शकतो. उतार इतका मंद असेल की गिअरमध्ये गाडी रेंगाळते आणि ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे न्यूट्रलमध्ये काही थेंब वाचतील. पण तो रस्ता घाटाचा नसतो, काका.