अज्ञेय ईश्वर आणि त्याचे ज्ञान : बहाई धर्मावरील एका आक्षेपाला उत्तर

बहाई धर्माविषयीचा एक युक्तिवाद सध्या वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा गाभा असा : हा धर्म एकीकडे ईश्वराला अज्ञेय म्हणतो आणि दुसरीकडे त्याला जाणणे हेच जीवनाचे प्रयोजन ठरवतो, ही उघड विसंगती आहे, ती झाकण्यासाठी ‘ज्ञान’ म्हणजे या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांना प्रेषित मानणे एवढाच अर्थ केला जातो, आणि शेवटी हाती उरतो तो उपासनेवाचून चालणारा समाजसुधारणेचा कार्यक्रम. मूळ ग्रंथ वाचल्यास यांपैकी एकही विधान टिकत नाही.

विसंगतीचा आरोप सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याचा विचार सविस्तर करायला हवा. ईश्वराचे मूळ स्वरूप मानवी बुद्धीच्या पलीकडे आहे, हे बहाउल्लाह यांनी कधीच लपवलेले नाही. बगदादमधील वास्तव्यात 1862च्या सुमारास लिहिलेल्या ‘किताब-ए-इकान’मध्ये ते म्हणतात की, त्या स्वरूपाच्या ज्ञानाचे द्वार सर्वांनाच बंद आहे, पण त्याच ओघात ते पुढे सांगतात की, म्हणूनच ईश्वराच्या कृपेने त्याचे प्रेषित मानवी रूपात प्रकट होतात. बहाईंच्या लघु अनिवार्य प्रार्थनेत तर उपासक आधी ग्वाही देतो की ईश्वराने आपल्याला त्याला जाणण्यासाठी आणि त्याची भक्ती करण्यासाठी निर्माण केले, आणि लगेच पुढच्या वाक्यात स्वतःची असमर्थता व त्याचे सामर्थ्य मान्य करतो. काही ओळींच्या या प्रार्थनेत प्रयोजन आणि मर्यादा अशी शेजारी शेजारी येत असतील, तर विसंगती नजरचुकीने राहून गेली असे कसे म्हणता येईल?

मग जाणायचे ते काय? ईश्वराचे गुण : त्याची दया, न्याय, ज्ञान, सामर्थ्य. हे गुण प्रेषितांच्या जीवनात आणि वाणीत पूर्णत्वाने प्रकट होतात, असे हा धर्म मानतो. त्यासाठी बहाई ग्रंथ स्वच्छ आरशात दिसणाऱ्या सूर्याची उपमा देतात. आरशात सूर्य दिसतो, पण सूर्य आकाशातून उतरून आरशात येत नाही. मराठी वाचकाला इथे निर्गुण-सगुणाची आठवण होणे स्वाभाविक आहे आणि ती जवळीक खरीही आहे. मात्र ईश्वर स्वतः देह धारण करतो, ही कल्पना बहाई विचारात नाही. हा फरक पुसला, की आक्षेपही चुकतो आणि समर्थनही.

ज्ञान म्हणजे केवळ एका व्यक्तीला मान्यता, हे दुसरे विधान बहाउल्लाह यांच्या ‘किताब-ए-अकदस’ या नियमग्रंथाच्या पहिल्याच परिच्छेदात खोटे ठरते. प्रेषिताला ओळखणे हे तिथे माणसाचे पहिले कर्तव्य सांगितले आहे हे खरे, पण त्याच्या आज्ञा आचरणात आणणे हे दुसरे कर्तव्य त्याला जोडलेले आहे, आणि एकावाचून दुसरे स्वीकारले जात नाही असे स्पष्ट म्हटले आहे. शिवाय या धर्मात पुरोहितवर्ग नाही आणि सत्याचा शोध प्रत्येकाने स्वतःच घ्यायचा आहे. हा शोध मृत्यूपाशीही संपत नाही, कारण आत्म्याची प्रगती पुढेही चालू राहते अशी बहाईंची श्रद्धा आहे. नुसत्या होकाराला इतका लांबचा प्रवास कशाला लागला असता?

उपासनेवाचून चालणारा कार्यक्रम, हा समज कसा झाला असेल ते मला कळते. पाचगणीत 1945 साली सुरू झालेली बहाई शाळा किंवा गावोगावचे शिक्षणाचे काम बाहेरून सहज दिसते. घरातली प्रार्थना दिसत नाही. प्रत्यक्षात वयाच्या पंधराव्या वर्षापासून रोजची अनिवार्य प्रार्थना आणि मार्चमधील 19 दिवसांचा, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा उपवास बहाईंना बंधनकारक आहे. आजारी आणि वृद्धांना उपवासातून सूट आहे. सेवाभावाने केलेल्या कामाला उपासनेचा दर्जा दिला आहे, पण म्हणून प्रार्थना माफ झालेली नाही. बहाई उपासना मंदिराची मूळ कल्पनाच अशी आहे की मध्यभागी प्रार्थनेची वास्तू असावी आणि तिच्याभोवती शाळा, रुग्णालय, निराधारांसाठी निवारा अशा संस्था उभ्या राहाव्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी अश्गाबाद (आजचे तुर्कमेनिस्तान) येथे उभारलेल्या पहिल्या बहाई मंदिराच्या परिसरात मुलामुलींच्या शाळा होत्या, आणि मंदिर त्या सर्वांच्या केंद्रस्थानी होते.