पुण्याचं पाणी मानवलं

२०२१ ची दिवाळी उरकून मी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावातून फौजदारकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलो, तेव्हा माझे वय २२ वर्षे, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो होते. २०२४ च्या मे महिन्यात तेच वजन ७७ किलो भरले. मधल्या अडीच वर्षांत मी मेजवान्या झोडल्या नाहीत, दारूला शिवलो नाही आणि खिशात पैसे नसल्यामुळे हॉटेलातही फारसा गेलो नाही. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिकेतली खुर्ची आणि मेस यांच्याबाहेर माझे आयुष्य जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे हे एकोणीस किलो आले कुठून, हा प्रश्न मला खरोखरच पडला होता. त्याविषयी आज सविस्तर लिहितो आहे, कारण आमच्या अभ्यासिकेत माझ्यासारखी निदान आठ-दहा मुले आहेत आणि विनोद करण्यापलीकडे ती याबद्दल काहीच बोलत नाहीत.

पहिल्या वर्षी गावाकडे कौतुक झाले. "पुण्याचं पाणी मानवलं पोराला," असे जो भेटेल तो म्हणे. आमच्याकडे वाळलेला माणूस म्हणजे हाल झालेला माणूस, त्यामुळे मी अंगाने भरलो हे पाहून आईला मनापासून बरे वाटले. दुसऱ्या वर्षी सूर बदलला. भावकीतल्या एका लग्नात चुलते पंगतीत सर्वांदेखत म्हणाले, "फौजदाराचं पोट नोकरी लागल्यावर सुटतं, ह्यानं आधीच सोडलंय." मीही हसलो. नंतर विचार करताना लक्षात आले की कौतुक करणारे आणि थट्टा करणारे यांच्यात तसा फरक नव्हता. दोघांनाही कारण आधीच ठाऊक होते. आधी ते पाणी होते, मग आळस झाला. असे का झाले असेल, एवढे साधे वाक्य कोणी उच्चारले नाही, आणि त्या कोणात मी स्वतःही आलो.

त्याच सुमारास माझी मान मागच्या बाजूने काळवंडू लागली. त्वचा जाडसर, मखमलीसारखी लागे. सुट्टीत घरी गेलो की आई वजरीने मान घासायची आणि "पुण्यात पाणी मिळत नाही का रे अंघोळीला?" म्हणायची. मी पुण्यातही घासत राहिलो, कातडी सोलून निघेपर्यंत. तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले की रक्तातले इन्सुलिन वाढते आणि त्याच्या परिणामाने मानेवर, काखेत अशी काळी, जाड त्वचा येऊ शकते, हे मला वर्षभराने कळले. त्या वर्षभरात मी स्वतःला अस्वच्छ समजत होतो. आजही अभ्यासिकेत पुढच्या रांगेत बसलेल्या एखाद्याची मान तशी दिसली की त्याला कसे सांगावे हे मला सुचत नाही, कारण सांगायला गेले तर तेही टोमण्यासारखेच ऐकू जाईल.

माझे उपाय म्हणजे शिक्षाच होत्या. वेळापत्रकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी 'आजपासून' असे लिहून त्याखाली बंद करायच्या गोष्टींची यादी करत असे. अशी पाने मी मोजली तेव्हा सतरा निघाली. एकदा अकरा दिवस सकाळी लिंबूपाणी आणि दिवसभर काकडी-ताक एवढ्यावर काढले. चार किलो उतरले, मित्रांनी पाठ थोपटली, आणि पुढच्या महिन्याभरात सहा किलो परत आले. पहिल्या आठवड्यात भराभर उतरणाऱ्या वजनात चरबीपेक्षा पाणीच अधिक असते: यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर धरून ठेवलेले साधारण तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. पुन्हा जेवायला लागलो की ते परत येणारच. हे माहीत नसल्यामुळे परत आलेल्या प्रत्येक किलोला मी माझ्या इच्छाशक्तीचा पराभव समजलो, आणि परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलाला इच्छाशक्तीवरचा विश्वास गमावणे परवडत नाही.

शेवटी मी थायरॉइडची तपासणी करून घेतली. अहवाल पूर्णपणे नॉर्मल आला आणि मला रडू आले. हे लिहायला लाज वाटते, पण खरे आहे: आपल्याला आजार असावा अशी माझी इच्छा होती. आजार निघाला असता तर तो कागद मी चुलत्यांना दाखवला असता. तपासणीचे पैसे मी कारण शोधण्यासाठी भरलेच नव्हते. मला निर्दोष सुटायचे होते. पुढे कळले की थायरॉइड कमी काम करत असला, तरी त्याने वाढणारे वजन बहुतेकांत दोन ते पाच किलोंच्या आसपास असते आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे अहवाल हवा तसा आला असता तरी माझ्या एकोणीस किलोंचा हिशेब त्याने लागला नसता.

तो हिशेब लावला नवी पेठेतल्या एका छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी. "किती खातोस?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. किती वाजता झोपतोस, चहा किती होतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत किंवा होत्या, आणि सलग किती तास बसून असतोस, हे त्यांनी विचारले. मी पाच तास झोपत होतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. पुरेशा झोपेच्या तुलनेत त्यांच्यात भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि ओढ वाढली ती गोडाची व पिठूळ पदार्थांची. दोन रात्रींत हे होते. मी आठशेहून अधिक रात्री काढल्या होत्या. चहा दिवसाला आठ कप. कपात दोन चमचे आणि चमच्यात चार ग्रॅम साखर धरली तरी ६४ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ च्या आत असली तर अधिक चांगले. माझी साखर एकट्या चहातूनच त्यापुढे जात होती, आणि तो चहा मी खाण्यात कधी धरलाच नव्हता.

गोळ्यांचा प्रश्न आला तेव्हा मी आधी खोटे बोललो. २०२३ मध्ये पूर्वपरीक्षेत थोडक्या गुणांनी राहिल्यानंतर झोप उडाली होती, मन पार खचले होते आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला मिर्टाझापीन हे नैराश्यावरचे औषध सुरू केले होते. घरी कोणालाच माहीत नव्हते. त्या गोळीने मला खरोखर सावरले, त्यामुळे तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिने भूक आणि वजन वाढू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते. रात्री अकरा वाजता मेस बंद झाल्यावर बिस्किटांचा पुडा फोडणारा मी हावरट झालो आहे असे मला वाटत होते. मनाच्या आजारावरची काही औषधे, फिटची काही औषधे आणि स्टेरॉइड यांनी वजन वाढते, ही डॉक्टरांच्या दृष्टीने रोजची गोष्ट आहे. अशी गोळी कोणी घेत असेल तर ती परस्पर बंद करू नये, जाऊन विचारावे. माझीही दोन महिन्यांत हळूहळू कमी करूनच थांबवली.

मग त्यांनी कागदावर एक ढोबळ गणित मांडले. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात. एकोणीस किलो, नऊशे दिवस. भागाकार केला तर दिवसाला १६० कॅलरी येतात, म्हणजे मेसची दीड चपाती. शरीर इतके सरळ गणित करत नाही हे त्यांनीच सांगितले, तरीही तो आकडा पाहून मला फार मोकळे वाटले. इतका वेळ मी एखादा मोठा गुन्हा शोधत होतो आणि हाती लागली दीड चपाती.

तपासण्यांत मात्र हसण्यासारखे काही नव्हते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, ५.९ टक्के, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. कंबर ९८ सेंटिमीटर, जी भारतीय पुरुषाची ९० च्या आत असावी. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २७. पाश्चात्त्य तक्त्यात याला नुसते जादा वजन म्हणतात, पण भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. याला कारणही आहे. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटा लेख २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. दिसायला आपण बारीक असतो आणि चरबी आत पोटाशी साठवत असतो. मी ५८ किलोंचा होतो तेव्हाही फार काटक असेन असे आता मला वाटत नाही.

"वय झालं की चरबी धरतेच" हे वाक्यही मी खूप ऐकले, तेही चोविसाव्या वर्षी. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवरच्या अभ्यासात, शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिरच राहतो असे दिसले. विशीत बदलते ती राहणी. गावात मी कॉलेजला चार किलोमीटर सायकल मारत होतो आणि सुट्टीत रानात राबत होतो. पुण्यात खोलीपासून अभ्यासिका दोनशे पावलांवर होती आणि ती सोय म्हणून मी जादा भाडे देत होतो.

उपाय म्हणून मी जे केले ते सांगण्यात फारसे काही नाही. झोप सात तासांवर नेली, चहा तीन कप आणि बिनसाखरेचा केला, मेसवाल्या काकूंना सांगून भाताऐवजी एक वाटी उसळ जास्त घेऊ लागलो (त्यांनी पैसे वाढवले नाहीत), आणि तासाभराने उठून खाली एक फेरी मारू लागलो. फौजदारकीच्या शारीरिक चाचणीत ८०० मीटर धावावे लागते. २०२४ मध्ये चारशेलाच मी खाली बसलो होतो, आता पूर्ण करतो, वेळ अजून वाईटच आहे. दीड वर्षात ७७ चे ७२ झाले, एचबीए१सी ५.५ वर आले आणि मान बरीचशी उजळली. ५८ परत येणार नाही आणि यावे असे मला वाटतही नाही.

माझ्या वजनाबद्दल कोणी बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. सगळे गप्प बसले असते तर ते ५.९ आणखी काही वर्षे तसेच लपून राहिले असते. पण माणसाला दोषी ठरवले की तो आधी बचाव करतो, मी वहीची सतरा पाने केला तसा; आणि बचाव करणाऱ्याला डॉक्टरच्या साध्या प्रश्नाचेही खरे उत्तर देता येत नाही.

या सगळ्या काळात माझ्या पोटाविषयी ज्यांनी काहीच मत दिले नाही, असे एकच गृहस्थ आमच्या गावात होते: आमचे शिंपीमामा. कंबरेत घट्ट झालेल्या पँटी मी त्यांच्याकडे नेत असे, ते उसवून पाहत आणि म्हणत, "माया आहे आत, दीड इंच सुटेल." गेल्या महिन्यात त्याच पँटी आत घ्यायला घेऊन गेलो. त्यांनी टेप लावली, आकडा खडूने कापडावर लिहिला आणि विचारले, "जास्तीचं कापून टाकू, का माया ठेवू?" मी म्हणालो, "ठेवा."