वीज गेली की अणुभट्टी फुटतेच का?

'अणुभट्टी म्हणजे आवरून धरलेला अणुबॉम्ब. तिच्या मनोऱ्यांतून किरणोत्सारी वाफ निघते आणि पंपांची वीज गेली की स्फोट अटळ असतो' असा संदेश सर्वत्र फिरत आहे. 'भट्टी क्षणात बंद करता येते, मग भीती कसली?' हे त्याला मिळणारे उत्तरही तितकेच चुकीचे आहे.

बॉम्बचा मुद्दा लगेच निकालात निघतो. वीजनिर्मितीच्या बहुतेक भट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५ पाच टक्क्यांहून कमी असते. बॉम्बसाठी ते ९० टक्क्यांच्या आसपास लागते. मनोऱ्यांचेही तसेच. दाबित पाण्याच्या भट्टीत गाभ्यातले, म्हणजे इंधन असलेल्या भागातले, पाणी सुमारे १५५ बार (हवेच्या दाबाच्या जवळपास १५५ पट) दाबाखाली बंद मंडलात फिरते, त्याच्या उष्णतेने दुसऱ्या मंडलात वाफ होऊन टर्बाइन फिरते, आणि मनोऱ्यात पोहोचते ते ही वाफ थंड करणारे तिसरे पाणी.

खरा प्रश्न विजेचा आहे. न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे गाभ्यात शिरताच विखंडनाची, म्हणजे अणू फुटत राहण्याची, साखळी तुटते, पण आधीच तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. ३००० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत ही उष्णता बंद होताक्षणी सुमारे २०० मेगावॉट आणि दिवसभरानंतरही १५ मेगावॉटच्या आसपास असते. ती काढून घ्यायला पाणी फिरवत राहावे लागते आणि त्यासाठीच्या पंपांना वीज लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रातील चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनित्रेही सुरू झाली. सुमारे पाऊण तासाने आलेल्या त्सुनामीने ती बुडवली, गाभे वितळले, आणि इंधनाच्या आवरणातल्या तापलेल्या झिर्कोनियम धातूची वाफेशी अभिक्रिया होऊन निघालेल्या हायड्रोजनने इमारती उडवल्या. म्हणून 'बंद केली की झाले' असे म्हणणाऱ्यांचे मला अधिक भय वाटते.

तरीही वीज जाणे म्हणजे स्फोट नव्हे. त्याच केंद्रात हवेने थंड होणारे एक जनित्र बचावले आणि आधीपासून बंद असलेल्या पाचव्या व सहाव्या भट्ट्या त्याच्या बळावर सावरल्या. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटून लागलेल्या आगीत केबल जळाल्या आणि एका भट्टीची वीज सुमारे १७ तास पूर्णपणे गेली. तिथे कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांत, म्हणजे गाभ्यातल्या पाण्याच्या उष्णतेने वाफ तयार होते त्या पात्रांत, पाणी भरले. गाभ्यातले तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढत होते, बाष्पजनित्रांत निवून खाली परतत होते, आणि कोणत्याही मुख्य पंपाविना गाभा शाबूत राहिला.