चूक बोलायची कुठे?

महाराष्ट्रात एखाद्या इस्पितळात रुग्ण दगावला की वाद ठरलेल्या वाटेनं जातो. एक बाजू म्हणते, डॉक्टरला आत टाका. दुसरी म्हणते, डॉक्टरांना संरक्षण द्या. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आल्यापासून तर चर्चा शिक्षेच्या वर्षांभोवतीच घुटमळते: इतरांना पाचपर्यंत, डॉक्टरांना दोनपर्यंत का? डॉक्टरांची भीती खरी आहे. २०१७ मध्ये धुळ्यात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. ते विसरून इंग्लंडातून उपदेश करणं मला पटत नाही.

पण या भांडणात पंचविशीतला रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता वॉर्ड सांभाळणारा निवासी डॉक्टर, कुठेच नसतो. रुग्णाच्या रक्तातल्या पोटॅशियमचा रिपोर्ट आपण संध्याकाळीच पाहायला हवा होता, हे त्याला पहाटे उमगतं. ते त्यानं कुणाला सांगायचं? सीनियर म्हणतो, "आधी फाईल पूर्ण कर, आणि नातेवाइकांसमोर जाऊ नकोस." मॉर्टॅलिटी मीटिंग, म्हणजे रुग्ण का दगावला याचा आढावा घेणारी बैठक, होते, पण बऱ्याच ठिकाणी तिथे ज्युनिअरला उभं करून झाडलं जातं. तो त्यातून एकच गोष्ट शिकतो: उत्तर तयार ठेवायचं.

इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, अशाच एका चुकांचा आढावा घेणाऱ्या मीटिंगमध्ये मी बसलो होतो. दुसऱ्या वर्षाच्या डॉक्टरनं मूत्रपिंडाचे रिपोर्ट न बघता जेंटामायसिन हे मूत्रपिंडाला इजा करू शकणारं अँटिबायोटिक लिहिलं होतं. रुग्णाचं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं. ती बोलायला उठण्याआधी कन्सल्टंटनं, म्हणजे तिच्या वरिष्ठ डॉक्टरनं, त्याच औषधाबाबतची स्वतःची जुनी चूक सांगितली. मग प्रश्न निघाले. चार्टवर वजन का नव्हतं? रात्री तिच्याकडे किती वॉर्ड होते? नंतर दोघं मिळून रुग्णाकडे गेले, झालं ते सांगितलं, माफी मागितली. इंग्लंडात २०१४ पासून गंभीर इजा झाली तर रुग्णाला ते सांगणं इस्पितळावर कायद्यानं बंधनकारक आहे.

अर्थात इथेही सगळं आलबेल नाही. २०११ मध्ये लेस्टरच्या इस्पितळात सेप्सिसनं, म्हणजे जंतुसंसर्ग विकोपाला जाऊन, एक सहा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या ज्युनिअर डॉ. हदिझा बावा-गार्बा नुकत्याच बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या होत्या. त्या दिवशी संगणक बंद पडल्यानं रक्ताचे रिपोर्ट उशिरा आले आणि त्यांचे कन्सल्टंट गावाबाहेर होते. त्यांच्या हातूनही गंभीर चुका झाल्या. २०१५ मध्ये त्यांना मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं, जानेवारी २०१८ मध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयानं नोंदणी रद्द करण्याचा निर्णय फिरवला. प्रशिक्षणात लिहून ठेवलेलं आत्मपरीक्षण उद्या आपल्याविरुद्ध वापरतील, या धास्तीनं त्या काळात अनेक ज्युनिअर मोकळेपणानं लिहीनासे झाले. डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकांना असं लिखाण मागवता येऊ नये, अशी शिफारस सरकारी समितीला त्याच वर्षी करावी लागली.

त्या मुलाच्या आईबापांचा आक्रोश रास्तच होता, आणि त्यांना उत्तर मिळायलाच हवं होतं. पण ज्युनिअर गप्प बसले, तर पुढच्या मुलाच्या आईबापांनाही खरं कळत नाही.

महाराष्ट्रात कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. एकेका वॉर्डात रेसिडेंटवर किती भार असतो हे युनिट हेडना ठाऊक असतं. पुढच्या मॉर्टॅलिटी मीटिंगला ज्युनिअरला उभं करण्याआधी सरांनी, मॅडमनी आपली एक चूक सांगावी, नातेवाइकांशी बोलायला त्याच्याबरोबर स्वतः जावं, आणि त्या रात्री ड्यूटीवर किती जण होते हे मीटिंगच्या नोंदीत लिहावं.