जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर आणण्याची सोपी रीत

डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या) जमान्यातला हिशेबाचा प्रोग्राम नव्या विंडोजवर आणायचं काम गळ्यात पडलंय? सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, उघडायच्या आधीच "किरकोळ काम आहे" असं सांगून मोकळे व्हा. उघडल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. डॉसबॉक्स या नकली डॉसमध्ये तो आहे तसा चालून जाईल, असं कुणी सुचवलंच तर विषय बदला. ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्रामला दारातही उभं करत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.

सोर्सचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर ढीगभर चुका काढेल. त्या वाचू नका. ज्या ओळीवर तो बोट ठेवेल, ती कॉमेंट करा, म्हणजे खूण करून निकामी करा. जुनी मंडळी पडद्यावर लिहायला कुणाची परवानगी घेत नसत. पडद्याच्या मेमरीत, म्हणजे बी८०० सेगमेंटमध्ये, थेट अक्षरं ओतायची: ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक घराला एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा, झाले ४००० बाइट. आज त्या पत्त्यावर हात घातला की विंडोज प्रोग्रामचा गळाच धरतं. तेव्हा त्याही ओळी कॉमेंट. पडदा काळाठिक्कर दिसेल, त्याला डार्क मोड म्हणा.

प्रिंटएफ या छपाईच्या आज्ञेने छापलेल्या चौकटी तेवढ्या उरतील. त्यांचं कोड पेज (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, याचा तक्ता) ४३७. विंडोज-१२५२ या तक्त्यात दुहेरी आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले कॅपिटल आय रांगेने उभे राहतात. शोभून दिसतात.

"कळ दाबली का, दाबली का" असं विचारत गरगरणाऱ्या लूपला हात लावू नका. डॉसमध्ये शेजारी दुसरं कुणी नसायचं, म्हणून ते खपायचं. आता त्यात एक अख्खा कोअर गुंततो आणि पंखा घोंघावतो. अहवालात लिहा: प्रोसेसरचा पुरेपूर वापर.

आता खरी गंमत, डेटा फाइल. जुन्या रेकॉर्डमध्ये खाते क्रमांकाचा इंट (पूर्णांक) २ बाइटांचा, नाव २० चं, शिल्लक ४ ची, एकूण २६. नव्या कंपायलरचा इंट ४ बाइटांचा, म्हणजे रेकॉर्ड २८ चं. स्ट्रक्चर, म्हणजे रेकॉर्डची मांडणी, तसंच ठेवून एफरीडने फाइल वाचा. ना एरर, ना वॉर्निंग. पहिल्याच खातेदाराच्या नावाची पहिली दोन अक्षरं खाते क्रमांक गिळतो. शिल्लकेत जुन्या रकमेचा फक्त वरचा अर्धा भाग उरतो आणि त्याच्या डोक्यावर पुढच्या रेकॉर्डचा खाते क्रमांक चढून बसतो. मूळ शिल्लक ५०० (वरचा अर्धा भाग शून्य) आणि पुढचा खाते क्रमांक २ असेल, तर पडद्यावर २ × ६५,५३६, म्हणजे १,३१,०७२. पुढच्या रेकॉर्डांत काय निघेल, हे तुम्ही न पाहिलेलंच बरं.

तपासायला म्हणून जुन्या प्रिंटआउटशी आकडे पडताळत बसू नका, वेळ जातो. बदललेलं सगळं त्याच फाइलवर, त्याच नावाने सेव्ह करा आणि बिल पाठवा. बोंब उठलीच तर हिशेबनीस उठवतील. पहिल्या खातेदाराची काही तक्रार नसेल.