रताळं फक्त उपवासापुरतं ठेवू नका

सध्या आमच्याकडे रताळ्यांची काढणी चालू आहे. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, खानापूर, पलीकडे चंदगड, सगळीकडे लाल मातीतनं पोती भरून निघतात आणि बेळगावच्या मार्केट यार्डात जातात. वेल म्हशींना. आणि एवढं पिकवणारे आम्ही खातो कधी? एकादशीला नि महाशिवरात्रीला. एरवी पाहुणे आले की गोड म्हणून विकतचा कुंदा. मला हे मनापासून खटकतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, गुळातली रताळी करायच्या. रताळी नारळाच्या शेंडीनं घासून धुवायची, साल काढायची नाही. बोटाएवढ्या जाड चकत्या करून लगेच पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात. चिरताना पांढरा चीक निघतो, म्हणून हाताला आधी तेल लावायचं. जाड बुडाच्या पातेल्यात तुपावर परतायच्या, पाण्याचा हबका मारायचा, वर झाकण, आणि आच अगदी मंद. लग्नानंतर पहिल्यांदा मी गूळ सुरुवातीलाच घातला. तासभर शिजवूनही चकत्या कचकचीतच! आत्या म्हणाल्या, "आगं, आधी त्याला शिजू दे की. गूळ काय पळून जातोय?" सुरी आरपार गेली की मगच गूळ. अर्ध्या किलोला पाऊण वाटी पुरतो, कारण मंद आचेवर रताळ्यातल्या पिठाची साखर होते आणि ते मुळातच गोड लागतं. शेवटी ओलं खोबरं, वेलदोडा, चिमूटभर मीठ. पाक चकत्यांना चिकटून तकाकी आली की उतरवायचं.

आता गुणांचं. 100 ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण 86 कॅलरी, 3 ग्रॅम चोथा आणि 300 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. मैद्याच्या मिठाईपेक्षा हे कितीतरी बरं. पण 'रताळं खा, डोळे सुधारतील' असे मेसेज फिरतात, त्यात अर्धंच खरं आहे. ज्यापासून अंगात 'अ' जीवनसत्त्व तयार होतं, तो बीटा कॅरोटीन भरपूर असतो नारिंगी गराच्या रताळ्यात. आपल्याकडची लाल सालीची, आतून पांढरी. त्यांत तो फारच थोडा. नारिंगी रताळ्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेनं 'भू सोना' हे नारिंगी वाण काढलंय. आपल्या शेतकऱ्यांनी दोन सऱ्या तरी लावून बघाव्यात, असं मला फार वाटतं. आणि तूप घालायला कचरू नका, बीटा कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध लागतंच.

मधुमेह असलेल्यांनी मात्र गुळातली रताळी टाळावीत. त्यांनी सालासकट उकडलेलं थोडं खावं, तेही भाकरीच्या जागी, भाकरीच्या जोडीला नव्हे.

आमच्या शेजारच्या कन्नड काकू गेणसाची होळगी करतात, पुरणाच्या जागी रताळं. परवा त्यांचा डबा आला होता. रिकामा कसा परत पाठवायचा? सकाळीच रताळी धुऊन ठेवलीत.