"आधी गाडी पाठवा, प्रश्न नंतर विचारा" म्हणणाऱ्यांसाठी

सिंहगड रोडला मी गेली अनेक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतेय. दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्रार सारखी कानावर येते: "रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावला तर प्रश्नच विचारत बसतात हो! इकडे माणूस जातोय आणि यांना वय सांगा, शुद्धीवर आहे का सांगा." त्यामागचा जीवाचा आकांत मला कळतो. घरातलं माणूस डोळ्यांदेखत कोसळल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? पण या तक्रारीतून, प्रश्नांमुळे गाडी उशिरा निघते, असा एक मोठा गैरसमज पसरतोय आणि तो जीवावर बेतू शकतो, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

नीट चालणाऱ्या कुठल्याही आपत्कालीन केंद्रात पहिल्यांदा पत्ता आणि परत फोन करता येईल असा नंबर विचारतात. मग काय झालंय, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का. एवढं कळलं की गाडीला निरोप जाऊ शकतो. पुढचे प्रश्न चालू असतात तेव्हा बहुतेकदा शेजारच्या टेबलावरचा माणूस गाडी शोधत असतो किंवा गाडी निघालेलीसुद्धा असते. तुम्ही उत्तर दिलंत म्हणून गाडी थांबून राहत नाही. उलट तुम्ही "तुम्ही आधी गाडी पाठवा" एवढंच ओरडत राहिलात, तर पलीकडच्याला कुठे पाठवायची आणि कुठली पाठवायची, दोन्ही कळत नाही.

"कुठली" हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. आपल्या राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिचं नियंत्रण केंद्र आपल्या पुण्यातच, औंधला. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ बेसिक. प्रत्येक गाडीत डॉक्टर, ही महाराष्ट्राची खासियत. पण ॲडव्हान्स्ड गाड्या कमी, हे आकड्यांतच दिसतंय. मग पाय मुरगळलेल्याकडे ती गाडी गेली आणि त्याच वेळी धायरीत कुणाला हार्ट ॲटॅक आला, तर काय करायचं? हे ठरवायला प्रश्न लागतात. शिवाय एका भागातली शेवटची मोकळी गाडी निघाली की तो सगळा पट्टा उघडा पडतो, मग शेजारच्या भागातली गाडी तिकडे सरकवायची का, हेही तिथेच ठरतं.

आधी फोन आला त्याचं काम आधी, हा न्याय इथे चालत नाही. सर्वात मोठ्याने ओरडणारा सर्वात गंभीर असतो, हेही खरं नाही. अपघातात जो विव्हळतोय त्याचा श्वास चालू आहे. बाजूला गप्प पडलेल्याची काळजी जास्त. ऐकायला निर्दयी वाटेल, पण मला यात दया दिसते, कारण ज्याला ओरडताही येत नाही त्याच्या बाजूने कुणीतरी विचार करतंय.

फोनवर प्रश्न विचारून निकड ठरवायची ही विद्या फार जुनी नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये डॉ. जेफ क्लॉसन यांनी फोन घेणाऱ्यांसाठी कार्डं तयार केली. प्रत्येक तक्रारीसाठी एक कार्ड, त्यावर विचारायचे प्रश्न, गाडी पोचेपर्यंत द्यायच्या सूचना आणि कॉलची निकड. त्यांच्या पद्धतीत आज ओमेगा, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको असे स्तर आहेत. एको म्हणजे क्षणाचाही विलंब नको. जगात अनेक ठिकाणी हीच किंवा अशीच पद्धत वापरतात.

इंग्लंडचं उदाहरण तर मला फारच शिकण्यासारखं वाटतं. तिथे गंभीर कॉलला आठ मिनिटांत पोचायचं उद्दिष्ट होतं. ते घड्याळ गाठायच्या नादात काय झालंय हे कळायच्या आतच गाड्या सुटायच्या, एकेका रुग्णासाठी दोन-दोन, तीन-तीन निघायच्या आणि अर्ध्या वाटेतून परत फिरायच्या. तोवर खरी गरज असलेला ताटकळत. २०१७ मध्ये त्यांनी नियम बदलले. श्वास किंवा हृदय थांबल्याची शंका असेल तर गाडी लगेच सोडायची. बाकीच्यांची विचारपूस करायला चार मिनिटांपर्यंत मुभा. जीवघेण्या कॉलला सरासरी ७ मिनिटं, आणि छातीत दुखणं किंवा पक्षाघाताचा संशय अशांना सरासरी १८ मिनिटं, असं उद्दिष्ट ठरवलं. म्हणजे प्रश्नांना जास्त वेळ दिला तो रुग्णाच्या भल्यासाठीच. ही उद्दिष्टं त्यांनाही बरेचदा गाठता येत नाहीत, पण आकडे दर महिन्याला जाहीर होतात आणि कुणालाही बघता येतात.

आता त्या प्रश्नांपैकी सर्वात मोलाचा प्रश्न: "श्वास नीट चालू आहे का?"

हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस अनेकदा आचके देतो. तोंड उघडून मोठा घुसमटल्यासारखा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. घरचे फोनवर सांगतात, "हो, श्वास चालू आहे", "घोरतायत". इथे चांगला कॉल घेणारा थांबत नाही. तो म्हणतो, "त्यांच्या छातीकडे बघा आणि प्रत्येक श्वासाला 'आत्ता' म्हणा." दोन 'आत्ता'मध्ये फार अंतर पडलं की त्याला कळतं, हा श्वास नव्हे. शुद्ध नाही आणि श्वास नीट नाही, एवढ्या दोन गोष्टींवर तो फोनवरून छाती दाबायला सांगू शकतो. पलंगावरून खाली, कडक जमिनीवर. दोन्ही हात छातीच्या मधोमध. पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सीपीआरविना, म्हणजे अशी छाती दाबल्याविना, जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. संध्याकाळी राजाराम पुलापासून धायरी फाट्यापर्यंत जायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडीचा पायलट, म्हणजे चालक, कितीही निष्णात असला तरी त्या मिनिटांत रुग्णाजवळ फक्त तुम्ही असता आणि तुमच्या कानाशी फोनवरचा तो आवाज.

आपल्याकडे फोनवरच्या या सूचनांची गरज आणखी एका कारणाने आहे. फिट आली की आपण कांदा नाहीतर चप्पल हुंगवतो, दातांत चमचा घालतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो. अपघातातल्या माणसाला हातापायांना धरून रिक्षात कोंबतो. छातीत दुखून दरदरून घाम फुटला तरी "गॅस झालाय" म्हणून सोडा देतो. शिकलेल्या घरांतही हे चालतं, मी रोज बघते. फोनवरचा माणूस नुसतं "पाणी देऊ नका, कुशीवर करा" म्हणाला तरी एखादा जीव वाचतो.

माझ्या एका पेशंटच्या मुलीने सांगितलेली गोष्ट. वडील कोसळले, तिने फोन लावला, पलीकडची बाई शांतपणे विचारत होती. तेवढ्यात काकांनी फोन हिसकावला, "अहो, तुम्ही आधी गाडी पाठवा!" त्यांच्याकडून तो शेजाऱ्यांनी घेतला. प्रत्येक नव्या हातात फोन गेला की पत्ता पहिल्यापासून. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तिला मीच उत्तरं देऊ शकत होते, मला कुणी देऊच दिली नाहीत." वडील वाचले, पण तिचं हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. फोन एकाच्याच हातात राहू द्या. बाकीच्यांनी गेटवर जाऊन उभं राहावं, लिफ्ट खाली आणून ठेवावी.

पत्त्याचं तर काय बोलावं! पेठांमध्ये "मारुतीच्या देवळाजवळ" म्हटलं तर पत्र्या, सोन्या, डुल्या, जिलब्या की भिकारदास? बायपासवर अपघात झाला तर अपघातातली गाडी साताऱ्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे की मुंबईकडे, हे सांगितलंच पाहिजे. मधे डिव्हायडर आहे, चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला पुढे जाऊन वळून यावं लागतं. नवले पुलाजवळच्या एका अपघातासाठी दहा लोक फोन करतात, दहा वर्णनं येतात. हा एकच अपघात आहे की दोन, हे केंद्रात बसलेल्याला नकाशा बघून ठरवायचं असतं. विसर्जनाच्या दिवशी किंवा पालख्या शहरात असताना कुठला रस्ता बंद आहे, हेही त्याच्या डोक्यात हवं.

आणि या माणसाला आपण काय समजतो? टेलिफोन ऑपरेटर. डॉक्टरांचे, नर्सेसचे सत्कार होतात, ते व्हावेतच. पण दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकून आवाज शांत ठेवणाऱ्या, गाडी पोचली की फोन ठेवून पुढचा घेणाऱ्या माणसाला पुढे काय झालं हे बहुधा कधीच कळत नाही. त्यांना आरोग्यसेवक म्हणूनच मान, पगार आणि प्रशिक्षण मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मराठीतून, आपल्या लोकांच्या बोलण्यातून लक्षणं ओळखण्याचं आणि फोनवरून सीपीआर करवून घेण्याचं प्रशिक्षण तर प्रत्येकाला हवंच. आणि आपल्याकडेही कॉलच्या निकडीनुसार किती वेळात गाडी पोचली याचे आकडे दर महिन्याला, तालुकावार जाहीर व्हावेत. नागरिक म्हणून ते मागायचा आपल्याला हक्क आहे. त्यातूनच कळेल की गाड्या कुठे कमी पडतायत, नऱ्हे-आंबेगावात की वाघोलीत.

सोसायट्यांना माझी विनंती आहे: लिफ्टशेजारी एक कागद लावा. त्यावर इमारतीचं नाव, विंग, मोठ्या रस्त्यावरून आत कसं वळायचं, कुठलं गेट रात्री उघडं असतं, आणि १०८ व ११२ हे दोन नंबर. वॉचमनकाकांनाही तो वाचून दाखवा, बऱ्याचदा फोन तेच लावतात. सिंहगड रोड, धायरी, वडगाव भागातल्या कुणाला सोसायटीत छाती दाबायचा सराव करायचा असेल तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी येईन, सरावाचा पुतळा माझ्याकडे आहे. तासाभराचं काम आहे, आणि आठवी-नववीच्या मुलांनाही बसवा.